सहा बाय चार

फोटो उघडल्यावर रूपाला आधी शिवण दिसली, अज्जा, तिचा आजोबा, नंतर दिसला. ती हुबळीच्या कोप्पीकर रोडवर एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. डाव्या चपलेचा अंगठा सकाळी बसमध्ये चढताना तुटला होता आणि दिवसभर ती पाय घासत चालली होती. शनिवारी केंद्र लवकर सुटतं. नवी चप्पल घ्यायची, केशवापूरची बस धरायची आणि घरी जाऊन तासभर आडवं व्हायचं, एवढाच बेत होता. तेवढ्यात फोन वाजला. भीमसेन काका पाठवतो ते बहुधा देवांचे फोटो, नाहीतर गुलाबाच्या फुलावर लिहिलेलं शुभ सकाळ. म्हणून तिनं नीट न बघताच फोटो मोठा केला आणि केशरी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा जोड तिच्या डोळ्यांसमोर आला. फोनवरच्या फोटोत टाके दिसत नाहीत हे तिलाही कळत होतं. पण सोळा वर्षं खादीच्या केंद्रात तिरंगे शिवणाऱ्या बाईला स्वतःची शिवण ओळखायला टाके दिसावे लागत नाहीत. पट्टी कडेला जिथं संपते तिथं ती कापड किंचित ओढून धरते, त्यामुळं शेवटच्या बोटभर जागेत जोड थोडा ताठ होतो. तसा तो ताठ होता. मग तिनं फोटो लहान केला आणि कापडाच्या वरच्या टोकाला अज्जाचं तोंड आलं. हनुवटीखालून डोक्यावर बांधलेली पट्टी, नाकात कापूस, कपाळावर कुणीतरी फासलेला गुलाल. गेल्या वर्षीचा, त्याला उचलायच्या आधीचा फोटो होता तो.

फोटोच्या वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत लिहिलं होतं: हुतात्मा नायब सुभेदार सटवाजी रामू घाडी प्रवासी निवारा. त्यापाठोपाठ काकाचा आवाज आला, दम लागलेला, मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालू असलेला. "रूपा, फाट्यावरच्या बस स्टॉपाला अप्पांचं नाव द्यायचं ठरलंय ग. वर्षश्राद्धाला उद्घाटन. ह्योच फोटो काळ्या दगडावर कोरून घेणार, अळणावरच्या माणसाकडनं. बघ आणि सांग काय ते. सहाला मंडळी आपल्या घरात बसणारायत, मग दगडाला हात लावायचा. एकदा कोरलं की मिटत न्हाई." रूपानं तो निरोप दोनदा ऐकला. हुतात्मा. अज्जा एकोणऐंशीव्या वर्षी स्वतःच्या बाजल्यावर गेला, अर्धी वाटी पेज पिऊन, उरलेली अर्धी मांजराला घाला असं सांगून. त्याला न्यायला कुणी शत्रू आला नव्हता, छातीत कफ आला होता. आणि आता त्याला दगडावर हुतात्मा करायला निघाले होते. हे थांबवू शकेल असं एकच माणूस होतं, तेही एक चप्पल तुटलेलं, आणि थांबवायचं तर त्याला आधी स्वतःचंच काहीतरी कबूल करावं लागणार होतं. साडेचार वाजले होते.

"अक्का, चप्पल नोडतीरेनु?" चप्पल बघणार का, असं दुकानातल्या माणसानं विचारलं. "आमेले बर्तेनि," मागाहून येते, असं तोंडातून सहज निघून गेलं आणि ती पायरी उतरली. आपण पुन्हा इथं येणार नाही हे तिला ठाऊक होतं, दुकानदारालाही ठाऊक होतं. तरी माणसं असंच म्हणतात. कन्नडमध्ये म्हणतात, मराठीत म्हणतात. उठताना येतो म्हटल्याशिवाय कुणी कुणाचा उंबरा ओलांडत नाही. अज्जा मात्र म्हणायचा नाही. चहा संपला की कप पालथा घालायचा, टोपी उचलायचा आणि चालू लागायचा. अज्जी मागून सारवासारव करायची, मिलिटरीची सवय हो, मनात काही नसतंय त्यांच्या. गावातले लोक त्याला शिष्ट म्हणायचे. रूपालाही लहानपणी त्याची लाज वाटायची. लग्नात, बारशात, मामाच्या घरी, सगळीकडे हा आपला मुक्यानं उठून जाणार, आणि ती मागून पळत दोघांच्या वाटचं येतो, येतो म्हणत राहणार. त्याचं कारण तिला कळलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. दहा वर्षांच्या पोरीला जेवढं कळतं तेवढंच कळलं होतं. उरलेलं मग हळूहळू, वर्षावर्षानं कळत गेलं.

सर्व्हिसची शेवटची चार वर्षं अज्जा बेळगावच्या सेंटरात होता. त्याच्या आधी लढाई त्यानं दोनदा बघितली होती, पण तिच्याबद्दल विचारलं की तो थंडीचं सांगायचा, बुटात वर्तमानपत्राचे कागद कोंबायचं सांगायचा आणि एकदा सबंध कंपनीला हगवण कशी लागली ते सांगायचा. गावातल्या शाळेत पंधरा ऑगस्टला त्याला बोलायला उभं करायचे. तो हगवणीची गोष्ट सांगून बसायचा आणि मास्तरांची पंचाईत व्हायची. बेळगावच्या चार वर्षांबद्दल मात्र तो हेही सांगत नसे. तिथं त्याच्याकडं पोचवण्याचं काम होतं. बाहेर कुठं कुणी जवान गेला, बर्फात, अपघातात, आजारात, आणि तो इकडच्या खेड्यातला असला, की पेटी घेऊन त्याच्या घरी जायचं. ट्रकमध्ये पेटीशेजारी बसायचं, गावच्या वेशीपाशी उतरून पेटीवरचं तिरंगी कापड सारखं करायचं, आणि अग्नी द्यायच्या आधी ते काढून, घडी घालून, घरातल्या कुणाच्या तरी हातात द्यायचं. कुणाच्या, ते नियमात होतं म्हणे. पण अंगणात उभं राहिल्यावर आई एकीकडं असते, बायको दुसरीकडं असते आणि दोघींचेही हात पुढं आलेले नसतात. अशी सात घरं झाली. मयताच्या घरातून निघताना येतो म्हणायचं नसतं. सात वेळा तो न म्हणता निघाला, आणि मग तो शब्द त्याच्या तोंडातून गेला तो गेलाच. चांगल्या घरातूनही तो तसाच निघायला लागला. वाईट घर कुठलं आणि चांगलं कुठलं हे त्याच्या जिभेला समजेनासं झालं असावं.

पाय घासत ती रस्त्याच्या कडेनं चालत राहिली. दुकानांतून बाहेर आलेला माल, फुटपाथवर लावलेल्या स्कूटरी, कुणीतरी "स्वल्प सरीरी अक्का" म्हणत डोक्यावर खोका घेऊन घुसलं आणि ती सरली. काकाला फोन लावायचा, नको म्हणून सांगायचं. किती वेळ लागतो नको म्हणायला? काका विचारणार, का नको? तिथंच सगळं अडत होतं. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी लाकडी बाकडं होतं, त्यावर ती बसली आणि रस नको असताना तिनं एक पेला मागितला. बसल्यावर कळलं की पाय दुखत नाहीयेत, सबंध अंगच दुखतंय, आणि ते आजचं नाही. वर्षभर ती थकल्यासारखी होती. योगेश, तिचा नवरा, दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानात दिवसभर उभा राहून घरी यायचा आणि तरी तिच्याकडं बघून म्हणायचा, रक्त तपासून घे एकदा. तिनं तपासूनही घेतलं. रक्तात काही नव्हतं.

त्या सात घरांतलं एक हुक्केरीकडच्या गावात होतं, तिथं अज्जा दरवर्षी उन्हाळ्यात जायचा. रूपाचे आईवडील दांडेलीला मिलमध्ये होते आणि ती शाळेसाठी अज्जाकडं राहायची, म्हणून दहाव्या वर्षी तो तिलाही एकदा बरोबर घेऊन गेला. दोन बसगाड्या बदलून, उन्हातान्हाचं. तिथं एक म्हातारा होता. त्यानं अज्जाला बघितलं आणि धोतराचा सोगा सावरत तो अंगणातून जवळजवळ पळतच आला. घरात भिंतीवर एका पोरसवदा जवानाचा फोटो होता, हार घातलेला. पांडुरंग. म्हाताऱ्याच्या सुनेनं चहा आणला, आणि म्हाताऱ्यानं कोनाड्यातली मिठाची वाटी घेऊन चिमूटभर मीठ आपल्या चहात टाकलं. रूपा बघतच राहिली. चहात मीठ टाकणारं जगात एकच माणूस तिला ठाऊक होतं, ते तिच्या शेजारी बसलं होतं. काश्मीरकडं असताना लागलेली सवय, अज्जी त्याच्यावरून रोज चिडायची. "आमचा पांडुरंग असाच पीत होता की," म्हातारा तिला म्हणाला, "तुझ्या अज्जानं सांगितलं मला. घरात होता तवर गोडच पीत होता. तिकडं जाऊन शिकला." रूपा म्हणाली, "अज्जा, तू पण तर..." आणि अज्जानं तिचा हात धरला. दाबला नाही, नुसता धरला. मग तो म्हाताऱ्याला सांगत राहिला. पांडुरंग पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा. पांडुरंगाला पोहता येत नव्हतं, पण तो नदीकाठी बसून दुसऱ्यांचे कपडे राखायचा. पांडुरंग झोपेत हसायचा. एकेक गोष्ट रूपाच्या ओळखीची होती. पोहता न येणारा, कपडे राखणारा, झोपेत हसणारा तिचा अज्जाच होता. निघताना म्हाताऱ्यानं गुळाची ढेप दिली, फडक्यात बांधून. अज्जानं ती खाकेत मारली आणि काही न बोलता तो चालू लागला.

परतीच्या बसमध्ये तिनं विचारलं होतं, तू त्याला ओळखत होतास का? अज्जा खिडकीतून बाहेर बघत बसला होता. संकेश्वर गेलं, पुढचं कुठलंसं गाव गेलं. मग तो म्हणाला, "पेटी उघडलीच नव्हती. तोंडसुद्धा बघितलं न्हाई मी त्याचं. बापानं विचारलं, कसा होता आमचा पोरगा? काय सांगणार? एकदा बोललो ग. आता दरसाल जावं लागतंय." दहा वर्षांच्या रूपाला त्यात गुळाचा फायदा दिसला होता आणि ती तसं म्हणालीही होती. अज्जा हसला नाही. तो म्हातारा आणखी सहा वर्षं जगला, आणि अज्जा सहा उन्हाळे जाऊन आला. आपलं एकेक त्या पोराला देऊन परत यायचा. शेवटी शेवटी त्याच्यापाशी द्यायला काही उरलं नसावं. परत आला की दोन दिवस बाजल्यावर पडून राहायचा, आणि अज्जी म्हणायची, कशाला जाता, ऊन बाधतंय. ऊन कसलं बाधतंय? खोटं बोलून म्हाताऱ्याला सुख द्यायचं आणि ते सुख दरवर्षी जाऊन डोळ्यांनी बघायचं, याचा शीण होता तो. हे तिला आत्ता, रसाच्या गाड्यापाशी, आपलाच शीण अंगावर घेऊन बसलेली असताना नीट कळलं. आणि राग आला. अज्जाचाच आला. स्वतःला एवढं सगळं ठाऊक होतं, तर ते वचन माझ्या गळ्यात कशाला बांधून गेलास?

तीन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तो केशवापूरला त्यांच्या घरी महिनाभर येऊन राहिला होता. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्याला आधी काय बघायचं ते विचारलं, तर म्हणाला, तू कुठं काम करतीस ते दाखव. रूपा त्याला घेऊन गेली. हिरवा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात बूट. शिवणाऱ्या बायका मशिनी थांबवून उभ्या राहिल्या, विमलक्कानं तर पदर डोक्यावर घेतला. त्याला सगळं बघायचं होतं. खादीचे तागे कुठून येतात, रंग किती वेळा धुतात, चक्र दोन्ही बाजूंनी नेमकं एकावर एक कसं बसतं, चोवीस आरे कोण मोजतं. रूपा सांगत होती, आणि सांगताना तिला जाणवलं की आपण शाळेतल्या पोरीसारख्या भरभर बोलतोय. मग तो मापांच्या कपाटापाशी आला. टेबलावर ठेवायचे लहान, कचेऱ्यांवर लावायचे मोठे, आणि किल्ल्यावर चढवायचा तो तर चादरीच्या चादरी जोडल्याएवढा. मधल्या फळीवर सहा फूट बाय चार फुटांचे होते. केंद्रात त्याला नुसतं सहा बाय चार म्हणतात. ते कशासाठी जास्त लागतात हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. कुठं काही झाल्याची बातमी टीव्हीवर आली की दोन दिवसांनी सहा बाय चारची मागणी येते, आणि त्या दिवशी मशिनींवर गप्पा नसतात. अज्जानं विचारलं नाही. त्यानं त्या घडीवर हात ठेवला, मापानंच ओळखलं, आणि बराच वेळ हात काढला नाही. विमलक्का रूपाच्या कानात म्हणाली, "अवर कण्णाग नीर बंदाव." डोळ्यांत पाणी आलंय त्यांच्या. ऑपरेशनचा डोळा आहे, रूपा म्हणाली, पाणी येतं.

मग बाहेर आवारातल्या नळावर त्यानं हात धुतले, तोंड पुसलं आणि तिथंच सांगितलं. "रूपी, ते कापड माझ्यावर घालू नको. गावातली माणसं मागं लागतील, मिलिटरीतला माणूस म्हणून. घालू द्यायचं न्हाई. ज्यांना उचलून आणलं त्यांचं ते. मी घरी चालत आलो." ती म्हणाली, असलं काहीतरी बोलू नको. तो म्हणाला, "बोलू नको न्हवं, हो म्हण." ती हो म्हणाली. त्यानं आयुष्यात तिच्याकडं दुसरं काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा तो स्वतः उठून घ्यायचा.

रसाचा पेला तसाच होता, त्यात बर्फ विरघळून रंग फिका झाला होता. सव्वापाच. एक बस केशवापूरची पाटी लावून गेली. तिनं उठायचा विचार केला आणि उठली नाही. गेल्या वर्षी त्या सकाळी सातला काकाचा फोन आला होता. "अप्पा गेले ग. येताना एक झेंडा घेऊन ये, तू तर तिथंच हाईस." मागं बरीच माणसं बोलत होती. रूपा म्हणाली, आणते. बस्स, एवढंच. एक शब्द. रडू यायच्या आधी तो शब्द आला होता. नंतर वर्षभर ती त्या शब्दाला कारणं लावत बसली होती. कानावर बातमी आदळली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. काका घरातला मोठा, त्याला नाही कसं म्हणणार? मेलेल्या माणसाला काय कळतं? झेंड्यात वाईट काय आहे, मानाचंच तर आहे. ही सगळी कारणं चांगली होती. रात्री झोप लागत नसेल तेव्हा एकेक पुढं करायची, आणि प्रत्येक वेळी नळापाशी उभा असलेला अज्जा हो म्हण असं म्हणायचा आणि कारण मागं सरायचं. योगेश म्हणाला होता, मी आणतो केंद्रातून, तू आवर. ती नको म्हणाली. नको म्हणता येत होतं तर, त्या सकाळीसुद्धा! ती स्वतः गेली, विक्रीच्या खिडकीपाशी न थांबता आतल्या कपाटातून सहा बाय चारची चळत खाली घेतली, एकेक घडी उलगडून कडा बघितल्या, आणि आपल्या हातचा शोधून काढला. मग खिडकीवर जाऊन रीतसर पावती करून घेतला. या शोधण्यात वीस मिनिटं गेली असतील. अज्जा तिकडं बाजल्यावर वाट बघत पडला होता आणि ती कडा बघत होती.

बसमध्ये ती पिशवी तिनं मांडीवर ठेवली होती, पायाशी ठेवली नाही. गावात पोचली तर अंगणात माणूस मावत नव्हतं. आसपासच्या चार खेड्यांतून लोक आले होते, अळणावरहून माजी सैनिक आले होते, छातीवर बिल्ले लावून. जन्मभर ज्या माणसाला शिष्ट म्हणून कुणी बोलावलं नाही, त्याच्यासाठी दुकानं बंद होती. काकानं तिच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं आणि मान खाली घातली. तेव्हा तिला वाटलं, बाप गेला म्हणून. कापड कसं घालायचं ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. केशरी पट्टी डोक्याकडं, तिनं सांगितलं, आणि तिनंच घातलं. सगळे मागं सरले. बिल्लेवाल्या म्हाताऱ्यांनी टाचा जुळवून सलाम ठोकला, बायकांनी पदर तोंडाला लावले, आणि कुणीतरी बाई शेजारणीला म्हणाली, नातीनं शिवलाय हो, स्वतःच्या हातानं. रूपाच्या छातीत तेव्हा काहीतरी भरून आलं. ते दुःख होतं असं ती वर्षभर धरून चालली होती. अग्नी द्यायच्या आधी ते तिनंच काढलं, घडीही तिनंच घातली, आणि घडी हातात घेऊन उभी राहिली तेव्हा ती कुणाला द्यायची हे तिला कळेना. शेवटी काकाच्या लोखंडी कपाटात ठेवली.

पावणेसहाला तिनं फोन लावला. लावायचं असं काही ठरवलं नव्हतं, बसून बसून बाकडं टोचायला लागलं होतं आणि रसवाल्यानं दोनदा पेल्याकडं बघितलं होतं. काकानं पहिल्या घंटेलाच उचलला, फोन हातातच धरून बसल्यासारखा.

"बघितलीस काय फोटो?"

"बघितला."

"मग? काय म्हणतीस?"

"काका, अज्जाला झेंडा नको होता." एवढं म्हटल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. "मला सांगितलं होतं त्यानं. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा, आमच्या केंद्रात. माझ्यावर घालू देऊ नको म्हणाला होता. मी हो म्हणाले होते. आणि मीच घेऊन आले."

तिनं फोन कानापासून काढून बघितला. चालू होता.

"ठाऊक हाय मला," काका म्हणाला.

"काय ठाऊक हाय?"

"मला बी सांगितल्याले अप्पांनी. तुझ्याकडनं परत आल्यावर. वर मलाच म्हणाले, भीमा, तुला माणसांच्या पुढं न्हाई म्हणायला जमायचं न्हाई, म्हणून रूपीला सांगून ठेवलंय." त्यानं घसा खाकरला. "त्या दिवशी सकाळी दारात मंडळी उभी. झेंडा पायजे, झेंडा पायजे. म्हटलं, रूपीला फोन लावावा. ती न्हाई म्हणंल आणि मी सुटंन. तर तू म्हणालीस, आणते."

"तुम्ही विचारलात कुठं? घेऊन ये म्हणालात."

"माणसं ऐकूलाली होती ग. तसंच म्हणायला लागतंय."

रस्त्यावर कुठलातरी ऑटो उगाचच हॉर्न वाजवत उभा होता. रूपाला वाटलं, आपण ओरडणार. काकावर, म्हाताऱ्या माणसाला हा कसला खेळ म्हणून. पण ओरडायला अंगात बळ हवं, ते नव्हतं. वर्षभर आपण एकटीनं उचललंय असं जे तिला वाटत होतं त्याचं दुसरं टोक या माणसानं धरलेलं होतं, आणि तरीही ते तसूभर हलकं झालं नाही. अज्जानं मुलाला ओळखलं होतं, बरोबर ओळखलं होतं. नातीला ओळखण्यात तो चुकला होता.

"आज बी तू न्हाई म्हणशील म्हणूनच धाडला फोटो," काका हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्या कुणाला धाडला न्हाई. मंडळी आल्यात बघ, बसल्यात. मोठ्यानं लावू काय फोन? तू सांगतीस काय त्यांना?"

ती हो म्हणाली की नाही हे तिलाही कळलं नाही. फोनमधला आवाज एकदम रुंद झाला, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं. काका म्हणाला, "हुबळीची रूपा हाय. काय म्हणती बघा." रूपानं सांगितलं. अज्जा हुतात्मा नव्हता, म्हातारपणानं गेला, खोकल्यानं गेला. दगडावर तसं लिहू नका आणि तो फोटो कोरू नका. झेंडा नको असं तो स्वतः सांगून गेला होता, ज्यांना पेटीतून आणलं त्यांचा तो मान, मी घरी चालत आलो म्हणाला होता. बोलताना तिचा आवाज मोठा झाला असावा, कारण रसवाल्यानं चरक थांबवला.

पलीकडून एक म्हातारा आवाज आला, ओळखीचा, सलाम ठोकणाऱ्यांतला एक असावा. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्याला खरंच विचारायचं होतं.

"मग बाळ, त्या दिवशी झेंडा तूच आणल्याली न्हवं? आमी बघितलं की. तुझ्या हातानंच घातलीस. त्याला नको होता म्हणतीस, मग कशाला आणलीस?"

काका म्हणाले म्हणून, असं म्हणता आलं असतं. काका तिथंच बसला होता आणि तो नाही म्हणाला नसता. डोकं ठिकाणावर नव्हतं, असंही म्हणता आलं असतं. रूपा बाकड्यावरून उठून उभी राहिली.

"अज्जाला नको होता," ती म्हणाली. "मला पायजे होता."